दम होता, टाच तयार नव्हती: चौसष्टाव्या वर्षी घाटातल्या अर्धमॅरेथॉनची तयारी

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे आलेल्या एका धावपटूची ही दोन वर्षांची हकीकत आहे. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका असल्यामुळे इथे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते.

पार्श्वभूमी

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचं वय ६४ होतं, वजन ५४ किलो. दुखणं काहीच नव्हतं. निवृत्तीनंतर रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर चालणं आणि आठवड्यातून तीनदा अजिंक्यतारा चढणं हा त्यांचा सहा वर्षांचा नेम. किल्ल्याच्या वाटेवर तिशीतली मुलं धापा टाकत थांबायची आणि बाई त्यांना मागे टाकून पुढे जायच्या. पुण्यात राहणारा मुलगा स्वतः धावतो. त्याने आईचं नाव सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी नोंदवलं होतं आणि मोबाइलवर सोळा आठवड्यांचं वेळापत्रकही पाठवलं होतं. ‘‘हे जमेल का, एवढंच सांग,’’ असं म्हणत त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

ही शर्यत सपाट रस्त्यावरची नाही. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि त्याच घाटाने खाली यायचं. अंतर २१.१ किलोमीटर, पहिल्या निम्म्यात बहुतेक चढ आणि दुसऱ्यात उतार. शिवाय ऐन पावसाळा.

मुलाने पाठवलेलं वेळापत्रक तिशी-पस्तिशीतल्या माणसासाठी होतं. आठवड्यातून चार दिवस धावणं, दर आठवड्याला अंतरात वाढ आणि स्नायूंच्या ताकदीचा एकही दिवस नाही. ते मी बदललं. धावणं तीन दिवस, तेही दोन मिनिटं धावून एक मिनिट चालायचं. पायांच्या ताकदीचे दोन दिवस. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी.

सुरुवातीलाच त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाबाची गोळी दहा वर्षं चालू होती, त्यामुळे ईसीजी, ट्रेडमिलवरची तपासणी, रक्तातलं सोडियम आणि मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिन पाहणं गरजेचं होतं. सगळं ठीक निघालं. तरीही डॉक्टरांनी बजावलं की रिपोर्ट चांगला आला म्हणून शरीराचे इशारे दुर्लक्षायचे नाहीत. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली की तिथेच थांबायचं.

किती जोरात धावायचं हे नाडीवरून ठरवायचं नाही, असं मी सुचवलं. २२० वजा वय या जुन्या हिशेबाने बाईंची कमाल नाडी १५६ येते. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायच्या दुसऱ्या सूत्राने १६३ येते. प्रत्यक्ष माणूस या दोन्हींपासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असू शकतो. त्यापेक्षा धावताना सलग बोलता येतं का ते पाहावं. बाईंनी त्यासाठी एकोणतीसचा पाढा निवडला. न थांबता पूर्ण म्हणता आला तर वेग बरोबर.

पहिल्या दिवशी मी आणखी एक चाचणी घेतली होती. एका पायावर उभं राहून टाच पूर्ण उचलायची आणि खाली ठेवायची, जमेल तितक्या वेळा. उजव्या पायावर १६ झाल्या, डाव्यावर ९. मी तो आकडा कागदावर लिहिला आणि पुढच्या चाचणीकडे वळले. या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि ती माझी.

अडचण

पहिले नऊ आठवडे सुरेख गेले. मेच्या मध्याला पाच किलोमीटरपासून सुरुवात केलेल्या बाई जुलैच्या मध्यापर्यंत बारापर्यंत पोचल्या. पाढा नीट म्हणता येत होता. फक्त ताकदीचे दोन दिवस हळूहळू गळत होते. कधी पाहुणे, कधी लग्न, कधी नुसताच कंटाळा. धावण्याचा दिवस मात्र त्यांनी एकही चुकवला नाही. मीही फोनवर ‘‘किती किलोमीटर झाले?’’ हेच विचारत होते, ‘‘टाचा किती वेळा उचलल्या?’’ असं नाही. आपण जे विचारतो त्याचाच अभ्यास होतो, हे एका शिक्षिकेच्या बाबतीत तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दहाव्या आठवड्यात त्यांना जुलाब झाले. पावसाळ्यात घरोघरी होतात तसेच. चार-पाच दिवसांत बरं वाटलं आणि बुडालेला अभ्यास भरून काढायचा म्हणून अकराव्या आठवड्यात त्या चौदा किलोमीटरला निघाल्या. यवतेश्वरपर्यंत वर आणि परत. चढ जमेल तेवढा धावून काढला, कारण दम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना डावी टाच जमिनीला टेकवेना.

हे त्यांनी आठ दिवस कोणालाही सांगितलं नाही. सकाळी दहा-पंधरा पावलं लंगडत टाकली की पाय मोकळा व्हायचा. मग थोडं पळायचं, संध्याकाळी पुन्हा दुखायचं. माझ्याकडे आल्या तेव्हा ऑगस्टचा पहिला आठवडा संपत आला होता आणि शर्यतीला चार आठवडे उरले होते.

पोटरीचे स्नायू खाली निमुळते होत दोरीसारख्या जाड कंडरेत बदलतात आणि ती कंडरा टाचेच्या हाडाला चिकटते. तिला अकिलिस टेंडन म्हणतात. बाईंचं दुखणं कंडरेच्या मध्यावर नव्हतं, अगदी खाली, हाडाला जिथे ती चिकटते तिथे होतं. हा फरक महत्त्वाचा आहे. चढावर पावलाचा पुढचा भाग वर आणि टाच खाली राहते. कंडरा ताणली जाते आणि त्याच वेळी हाडावर दाबलीही जाते. सपाटीवर बारा किलोमीटर सोसणारी जागा घाटात चौदाला कुरकुरली, याचं एक कारण हे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून बाई रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली लोंबकळवत होत्या. तो व्यायाम मध्यावरच्या दुखण्यासाठी चांगला आहे. हाडापाशी दुखत असेल तर त्याने दाब आणखी वाढतो.

बाईंना पालथं झोपवून पोटरी दाबून पाहिली. पाऊल हललं, म्हणजे कंडरा तुटलेली नव्हती. सोनोग्राफीत सूज आणि जाडी दिसली, फाटल्याची खूण नव्हती.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी बाई, त्यांचे यजमान, फोनवर मुलगा आणि मी, असे चौघे बोललो. पर्याय बरेच होते आणि प्रत्येकाला कोणीतरी पाठीराखा होता.

मुलाचं म्हणणं, दोन आठवडे पूर्ण विश्रांती घ्यायची आणि शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन धावायचं. त्याच्या गटातल्या पुष्कळांनी तसं केलं होतं. यजमानांना कोणीतरी टाचेत इंजेक्शन घेण्याचा सल्ला दिला होता. तो मी लगेच बाजूला ठेवायला सांगितला. अकिलिसपाशी दिलेल्या स्टेरॉइडने दुखणं थांबलं तरी कंडरा कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो. चढ धावत किंवा चालत पूर्ण करून परत गाडीने यायचं, हा बाईंनी स्वतः काढलेला मार्ग होता. पण दुखणं चढावरच वाढत होतं. माझा कल शर्यत पूर्णपणे चालत काढण्याकडे होता. चालताना कंडरेवरचा भार धावण्यापेक्षा खूप कमी असतो, आणि बाईंचं मन मोडणार नाही असंही मला वाटत होतं. त्या दिवशी आम्ही जवळजवळ तेच ठरवलं.

उठता उठता मी बाईंना म्हटलं, ‘‘उद्या येताना घरातला औषधांचा डबा घेऊन या. सगळा.’’ हे वाक्य मी एप्रिलमध्ये, पहिल्याच भेटीत बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टीलचा डबा टेबलावर उघडला. रक्तदाबाची गोळी होती, तिच्यात टेल्मिसार्टनबरोबर लघवीवाटे पाणी काढणारा घटकही होता. कॅल्शियम होतं. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची पट्टी होती, सहा गोळ्या संपलेल्या. तळाशी ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल असलेली रिकामी पट्टी.

‘‘ही कशाची, बाई?’’

‘‘जुलाबाची. गेल्या वर्षी यांना आणली होती, त्यातली उरलेली. पाच दिवस घेतली, लगेच आराम पडला.’’

ऑफ्लॉक्सॅसिन हे फ्लुरोक्विनोलोन गटातलं प्रतिजैविक आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन त्याच गटातली. या औषधांनी कंडरेला सूज येऊ शकते, क्वचित ती तुटूही शकते. सगळ्यांत जास्त अकिलिस. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये या गटाच्या वेष्टनावर याबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढच्या माणसांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका अधिक असतो. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही त्रास उद्भवू शकतो.

बाईंची टाच त्या गोळ्यांनीच बिघडली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. डावी पोटरी आधीच कमजोर होती, ताकदीचे व्यायाम सुटले होते, आजारानंतर एकदम चढाचं मोठं अंतर झालं होतं. यातलं कोणतंही एक कारण पुरेसं ठरू शकतं. पण पर्यायांचं वजन मात्र त्या रिकाम्या पट्टीने बदललं. आता प्रश्न किती दुखेल याचा नव्हता, कंडरा तुटेल का याचा होता. या वयात तुटलेली अकिलिस म्हणजे कित्येक महिने.

वेदनाशामकाचा पर्यायही त्याच टेबलावर संपला. टेल्मिसार्टनसारखं औषध, लघवी वाढवणारं औषध आणि त्यावर डायक्लोफिनॅक, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो. तीन तास घाम गाळताना तर अधिकच. शिवाय लघवी वाढवणाऱ्या त्या गटाच्या औषधाने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि धावताना तहानेपेक्षा जास्त पाणी पीत राहिलं तर ते आणखी उतरतं. सोबत पळणारे ‘‘दर स्टॉपवर पाणी प्या’’ असं प्रेमाने सांगतात. बाईंच्या बाबतीत तो सल्ला धोक्याचा ठरला असता.

मी त्यांना सांगितलं, यंदा नको.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘पोरी, तू पुढच्या वर्षी म्हणतेस. चौसष्टाव्या वर्षी माझ्यासाठी पुढचं वर्ष कोणी राखून ठेवलंय का?’’

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पंचविशीतल्या खेळाडूला ‘‘पुढचा हंगाम आहे’’ म्हणताना आपल्याला काही वाटत नाही. मोठ्या माणसाकडून एक वर्ष मागणं ही खरोखर मोठी मागणी आहे. ती करायची तर त्या वर्षात काय काय होणार हे महिन्यावारी सांगता आलं पाहिजे. नुसतं ‘‘विश्रांती घ्या’’ म्हणून घरी पाठवणं म्हणजे सहा वर्षांचा नेम मोडून त्यांना खुर्चीत बसवणं. मी आठवडाभराची मुदत मागितली आणि लिहून आणते म्हटलं.

आम्ही काय केलं

लिहून नेलेल्या कागदावर पहिली ओळ होती, चालणं बंद नाही. सपाटीवर, शाहू स्टेडियममध्ये, रोज तीस मिनिटं. किल्ला मात्र बंद. बुटात टाचेखाली एक सेंटिमीटरची पट्टी, दोन्ही पायांत. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावलं आदल्या दिवसापेक्षा वाईट नकोत. बाईंनी शाळेच्या हजेरीसारखी वही आखली आणि रोज सकाळी आकडा लिहिला.

त्यांच्या डॉक्टरांनी रक्तदाबाचं औषध बदलून लघवी वाढवणारा घटक काढला. हा निर्णय त्यांचा, माझ्या अधिकारातला नाही. त्या गटाचं प्रतिजैविक यापुढे अगदी गरज असेल तरच, आणि ‘‘मी धावते, टाचेचा त्रास झाला होता’’ असं डॉक्टरांना आधी सांगून, हे बाईंनी डब्याच्या झाकणावर चिकटवलं. उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या घरातून गेल्या.

पोटरीसाठी सुरुवातीला टाच उचलून पंचेचाळीस सेकंद धरून ठेवणं, पाच वेळा. तीन आठवड्यांनी सपाट फरशीवर टाच उचलायची, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, जमिनीच्या खाली नाही. मग वजन. जिममध्ये जायला त्यांना संकोच वाटत होता, म्हणून जुन्या दप्तरात पुस्तकं भरून ते पाठीला लावायचं ठरलं. नोव्हेंबरात दप्तर चार किलोचं होतं, मार्चमध्ये अकरा. कंडरा स्नायूपेक्षा सावकाश सुधारते, साठीनंतर आणखी सावकाश. तीन महिन्यांचा हिशेब धरला होता, प्रत्यक्षात पाच लागले.

जेवणाकडे मी पहिल्या वर्षी बघितलंच नव्हतं. पोहे-चहा, पोळी-भाजी, वरण-भात, रात्री भाकरी आणि ताक. मोजलं तर दिवसाला चाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येत होती. साठीनंतर स्नायू टिकवायचे तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे बाईंना ५४ ते ६५. सकाळी मोड आलेल्या मुगाची उसळ, ताकाऐवजी दही, दुपारी एक कप दूध आणि दोन अंडी. अंड्यांना घरात पहिल्यांदाच परवानगी मिळाली. पेच आला तो श्रावणात. सोमवारचा उपवास त्यांनी आयुष्यभर केलाय, तो सोडा म्हणण्याचा मला हक्क नाही. पण रविवारी लांब धाव आणि सोमवारी साबुदाणा, म्हणजे स्नायूंच्या दुरुस्तीच्या दिवशी प्रथिनं जवळजवळ नाहीतच. मग लांब धाव गुरुवारी नेली. निवृत्त माणसाला रविवारच कशाला हवा? शिवाय पावसाळ्यात रविवारी कासच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. गुरुवारी घाट मोकळा.

दुसऱ्या मेमध्ये धावणं पुन्हा सुरू केलं, एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल यापासून. घाटाचा चढ पूर्ण चालायचा, हे शर्यतीच्या दिवशीसाठीही तेव्हाच ठरवून टाकलं. उताराची तयारी वेगळी केली. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालतात. सवय नसेल तर दोन दिवस जिना उतरता येत नाही. पण एकदा थोडा उतार धावून झाला की पुढचे काही आठवडे स्नायू तो मार बराच सोसतात. म्हणून शर्यतीच्या सहा आठवडे आधी दोन किलोमीटर आणि तीन आठवडे आधी चार किलोमीटर उतार, आखूड पावलांनी, शेवाळ नसलेल्या भागातून.

काय झालं

पहिल्या वर्षी शर्यतीच्या सकाळी बाई घरी बसल्या नाहीत. पाणी वाटायला उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी त्यांच्याशी फारसं बोलू शकले नाही.

दुसऱ्या वर्षी, ६५ पूर्ण झाल्यावर, त्या धावल्या. आदल्या पंधरवड्यात मोजलं तेव्हा उजव्या पायावर २१ आणि डाव्यावर १९ टाचा उचलल्या गेल्या होत्या. चढ चालत, माथ्यावर दोन मिनिटं धाव आणि एक मिनिट चाल, उतारावर आखूड पावलं. पाणी तहान लागेल तेव्हाच, दोन ठिकाणी मीठ-साखर-लिंबू. वेळ तीन तास सहा मिनिटं. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये टाच दोन गुण दुखली, तीन दिवस सकाळी ताठर राहिली आणि चौथ्या दिवशी वहीत शून्य आलं. मांड्या दोन दिवस दुखल्या. जिना मात्र उतरता आला.

नोव्हेंबरात डावी टाच पुन्हा महिनाभर कुरकुरली. शर्यतीनंतर दप्तर माळ्यावर गेलं होतं. ते खाली आल्यावर सहा आठवड्यांत त्रास थांबला.

आज परत करायचं तर

औषधांचा डबा पहिल्या भेटीत उघडेन. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आता मी तो आणायला सांगते. नुसती चिठ्ठी चालत नाही, डबाच, कारण उरलेल्या पट्ट्या चिठ्ठीत नसतात.

सोळा आणि नऊ हा फरक दिसल्यावर धावण्याचं वेळापत्रक मी हातातच दिलं नसतं. आधी तीन महिने पोटरी, मग किलोमीटर. नाव नोंदवलेलं असताना हे सांगणं अवघड असतं, तरी एप्रिलमध्ये सांगणं ऑगस्टपेक्षा सोपं होतं. बाईंच्या दमाने माझी दिशाभूल केली. सहा वर्षं किल्ला चढलेलं हृदय आणि फुप्फुसं धावायला तयार होती, पण चालण्याने कंडरेला धावण्याच्या भाराची सवय होत नाही. बारामतीत २०१३ साली नऊवारीत, अनवाणी धावलेल्या लता करे यांचं किंवा नव्वदीच्या उंबरठ्यावर मॅरेथॉन धावू लागलेल्या फौजा सिंग यांचं उदाहरण बाईंना सगळे द्यायचे. मीही देत असे. धीर द्यायला ती फार मोठी माणसं आहेत, पण त्यांच्यावरून दुसऱ्या कोणाच्या टाचेचं वेळापत्रक ठरत नाही.

आजारपणानंतरचा पहिला आठवडा निम्म्या अंतराचा, हा नियम मी तोंडी सांगितला होता. लिहून दिला असता तर चौदा किलोमीटरची ती धाव कदाचित टळली असती.

एका गोष्टीवर माझं आणि मुलाचं अजून एकमत नाही. त्याला वाटतं, पहिल्या वर्षी चालत पूर्ण करू द्यायला हवं होतं, काही झालं नसतं. तसंही असेल. आदल्या संध्याकाळी मीही तेच म्हणत होते. पण टेबलावरची रिकामी पट्टी पाहिल्यानंतर मी आजही नाहीच म्हणेन.

यंदा बाई ६६ च्या आहेत आणि अर्धमॅरेथॉनऐवजी दहा किलोमीटर धावणार आहेत. ते त्यांनी स्वतः ठरवलं, मला फक्त कळवलं. गुरुवारी सकाळी शाहू स्टेडियमवर त्यांच्या शाळेतल्या दोन जुन्या सहकारी बाई आता त्यांच्याबरोबर येतात. दोघींच्या औषधांचे डबे बाईंनी स्वतः तपासून मग माझ्याकडे पाठवले.